गाळ्याची पट्टी: टेबलात वजन आणि रक्कम नीट दिसण्यासाठीच्या नोंदी

१४ जून, शनिवार

आजपासून नोंदी ठेवतेय. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मामाचा गाळा आहे, तिथल्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याला मालाच्या हिशोबाचा जो कागद देतात तो, इतकी वर्षं दिवाणजीकाका हाताने लिहितात. शेतकऱ्याचा माल आला, वक्कल (एकत्र विकायचा गोण्यांचा गट) लागलं, गोण्या काट्यावर गेल्या, दर ठरला की पट्टी होते, गोण्या किती, वजन किती, दर काय, त्यातून हमाली तोलाई मोटारभाडं वजा आणि खाली निव्वळ रक्कम. काकांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय म्हणून मामा म्हणाला, अगं तुझं कॉम्प्युटरचं काम आहे ना, एवढं बसव की.

मी ऐरोलीला ऑफिसात दिवसभर पांडाजच वापरते, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली टेबलं हाताळायची लायब्ररी, त्यामुळे त्यातच करायचं ठरवलं. पहिलं टेबल आज काकांना दाखवलं, वजनाच्या कॉलमात बाराशे चाळीस पॉइंट शून्य असं आलं होतं, काकांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ताई, हे बारा क्विंटल चाळीस ना?" म्हणजे त्यांना प्रत्येक ओळीला मनात भागाकार करावा लागत होता. रोज सत्तर-ऐंशी ओळी असतात. हे मला चालणार नाही, टेबल त्यांच्यासाठी आहे.

रात्री घरी ठाण्याला येऊन ठरवलं की आकडे दशांशात ठेवायचेच नाहीत. वजन हा स्वतःचा क्लास, म्हणजे मीच बनवलेला डेटाचा प्रकार, आत पूर्णांकात ग्रॅम. रक्कम हा दुसरा क्लास, आत पूर्णांकात पैसे. दशांश एक आणि दशांश दोनची बेरीज पायथनमध्ये दशांश तीन येत नाही, शेपटीला चार लागतो, आणि शेतकऱ्याच्या हिशोबात असली शेपटी मला नकोय. पायथन तीनमध्ये नावं देवनागरीत चालतात म्हणून क्लासचं नावच वजन ठेवलं, टाइप करायला थोडं हळू होतं पण वाचताना बरं वाटतं.

कॉलममध्ये ऑब्जेक्ट, म्हणजे त्या क्लासच्या वस्तू, भरले, टेबल छापलं, प्रत्येक सेलमध्ये "वजन ऑब्जेक्ट ॲट" आणि पुढे मेमरीतला पत्ता. आत बरोबर १२४०००० ग्रॅम आहेत, बाहेर फक्त पत्ता. उद्या हेच.

१५ जून, रविवार

मार्केट बंद, मी मोकळी. सकाळी तलावपाळीला एक चक्कर मारून आले आणि बसले.

ऑब्जेक्टला स्वतःला कसं दाखवायचं ते सांगायला पायथनमध्ये दोन मेथड (क्लासच्या आत लिहायची फंक्शनं) आहेत, मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोरवालं रेप्र आणि तसंच स्ट्र. मी आजवर यातलं एकच लिहायचे आणि पुढे जायचे, आज पहिल्यांदा नीट बघितलं कोण कधी कोणाला विचारतं. पांडाज सेल भरताना स्ट्र विचारतो. स्ट्र लिहिलेलं नसेल तर पायथन आपणहून रेप्रवर जातो, आणि तेही नसेल तर कालचा तो पत्ता. पण तेच ऑब्जेक्ट साध्या लिस्टमध्ये ठेवून लिस्ट प्रिंट केली की आतल्या प्रत्येकाचं रेप्र येतं, आणि नोटबुकात (कोड तुकड्यातुकड्याने चालवायच्या पानावर) शेवटच्या ओळीत एकटा ऑब्जेक्ट लिहिला तरी रेप्रच.

मला हे फार सोयीचं वाटलं. रेप्र माझ्यासाठी ठेवलं, त्यात क्लासचं नाव आणि कंसात ग्रॅमचा पूर्ण आकडा, चूक शोधताना मला तोच लागतो, आणि तो तसाच उचलून कोडमध्ये टाकला की तेच ऑब्जेक्ट परत बनतं. स्ट्र काकांसाठी, "१२ क्विं ४० कि". आकडेही देवनागरीत, त्यासाठी स्ट्रिंगच्या ट्रान्सलेटला दहा आकड्यांची जोडी दिली की झालं. उलट्या बाजूला तर काहीच करावं लागत नाही, पायथनच्या इंटला सरळ देवनागरीतलं "१२४०" दिलं तरी तो आकडा म्हणून घेतो. हे मला माहीत नव्हतं, काकांनी देवनागरीत टाइप केलं तरी चालेल म्हणजे.

एक करून बघितलं आणि सोडलं: स्ट्रमध्ये मध्येच नवी ओळ घातली, वर क्विंटल खाली किलो, सुंदर दिसेल म्हणून. पांडाज नवी ओळ पाळत नाही, सेलमध्ये उलटी तिरकी रेघ आणि एन अशी अक्षरंच छापतो. एका ओळीतच ठेवायचं.

१८ जून, बुधवार

ऑफिसातून सुटून रात्री दोन तास. रक्कम क्लास.

पायथनला स्वल्पविराम टाक सांगितलं की तो तीन-तीनचे गट पाडतो, म्हणजे बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट हे १,२३४,५६७ असं येतं. आपल्याकडे असं कोण वाचतं? १२,३४,५६७ पाहिजे. लोकेल, म्हणजे देशाप्रमाणे आकडे दाखवायची सेटिंग, लावून होतं पण ते त्या त्या मशीनवर बसवलेलं असावं लागतं आणि गाळ्यावरचा कॉम्प्युटर जुना आहे, म्हणून हातानेच लिहिलं, शेवटचे तीन बाजूला काढायचे, उरलेल्याचे मागून दोन-दोनचे तुकडे, मग जोडायचे. दहा ओळींचं काम.

दुसऱ्या गोष्टीत मात्र तास गेला. एका शेतकऱ्याचा माल थोडा होता आणि उचल मोठी, त्यामुळे निव्वळ रक्कम उणे १२५ रुपये ५० पैसे येणार होती. टेबलात आली उणे १२६.५०. बेरजा परत परत तपासल्या, सगळ्या बरोबर, आत उणे १२५५० पैसेच होते. चूक दाखवण्यात होती. मी पैशांना शंभराने भागून भागाकार रुपये आणि बाकी पैसे असं घेतलं होतं, आणि पायथनचा पूर्णांक भागाकार उणे आकड्याला खालच्या बाजूला जातो, म्हणजे भागाकार उणे १२६ आणि बाकी अधिक ५०. गणिताने ते बरोबरच आहे, उणे १२६ मध्ये पन्नास पैसे मिळवले की उणे १२५.५० च होतात, पण शेजारी शेजारी छापलं की वाचणाऱ्याला रुपया जास्त दिसतो. आता आधी चिन्ह बाजूला काढते, आकडा धन करते, मग भागते, आणि चिन्ह शेवटी लावते. वजनालाही तेच केलं कारण घट वजा करताना तिथेही उणे येऊ शकतं.

अशी चूक छापून गेली असती तर एक रुपयाचा प्रश्न नव्हता. पट्टीवरचा आकडा चुकला की पुढच्या वेळी माणूस माल दुसऱ्या गाळ्यावर उतरवतो.

२१ जून, शनिवार

आजचा दिवस मला लक्षात ठेवायचाय.

वक्कल नावाचा तिसरा क्लास केला. एका वक्कलात पंचवीस-तीस गोण्या, प्रत्येक गोणीचं वजन वेगळं, म्हणून आत वजनांची यादी. वापरायला सोपं जावं म्हणून त्याला लेन आणि इटर दिलं, म्हणजे गोण्या मोजता येतात आणि एकेक करून फिरता येतं. स्ट्र पण लिहिलं, "२५ गोण्या, १२ क्विं ४० कि". एकटा प्रिंट केला, बरोबर. टेबलात टाकला तर सेलमध्ये गोल कंस, आत ५१ कि, ४९ कि, ५० कि अशी सगळी गोण्यांची रांग आणि मध्येच तुटून तीन टिंबं.

स्ट्रमध्ये प्रिंट घालून बघितलं, टेबल छापताना ते हलतच नव्हतं. म्हणजे पांडाज वक्कलाचं स्ट्र विचारतच नव्हता. शेवटी पांडाजचाच सोर्स उघडला, छापण्याच्या फंक्शनपर्यंत गेले आणि तिथे दिसलं. सेलमधल्या वस्तूला तो आधी विचारतो, तुझ्यावर फिरता येतं का आणि तुझी लांबी सांगता येते का, दोन्हीला हो असेल आणि ती साधी स्ट्रिंग नसेल तर तो तिला यादी समजतो आणि आतला एकेक घटक स्वतः छापतो, शंभर घटकांपर्यंत. स्ट्रची पाळी त्याच्यानंतर. इटर काढून नुसतं गेट-आयटम (क्रमांकाने घटक देणारी मेथड) ठेवलं तरी फरक नाही कारण पायथन त्यावरूनही फिरू शकतो. आणि सेट-आयटम (घटक बदलू देणारी मेथड) दिलेलं असेल तर गोलच्या जागी चौकोनी कंस येतो, एवढाच बदल. तीन टिंबं वेगळ्या कारणाने, कॉलमची रुंदी मुळात ५० अक्षरांवर बांधलेली असते, मॅक्स-कोलविड्थ या सेटिंगला नन, म्हणजे काहीच नाही, दिलं की बंधन जातं, पण इथे रुंदी वाढवून उपयोग नव्हता, रांग आणखी लांब दिसली असती.

दोन मार्ग होते. टेबल मजकूर म्हणून छापणाऱ्या टू-स्ट्रिंगला फॉर्मॅटर्समध्ये त्या कॉलमसाठी सरळ स्ट्र द्यायचं, मग पांडाज आपली तपासणी करत नाही, दिलेलं फंक्शनच वापरतो. पण हे दर वेळी आठवणीने द्यावं लागतं आणि नोटबुकात नुसतं टेबलचं नाव लिहिलं की लागूच होत नाही. म्हणून दुसरा मार्ग घेतला, लेन आणि इटर दोन्ही काढून टाकले आणि गोण्या नावाची साधी मेथड ठेवली जी यादी देते. कोडमध्ये चार ठिकाणी बदल झाला, पण वक्कल ही माझ्या दृष्टीने एकच वस्तू आहे, टेबलातही ती एकच दिसली पाहिजे.

ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये तुर्भे ते ठाणे उभ्याने हे सगळं मोबाइलमध्ये टाइप केलंय, उद्या नीट करते.

२२ जून, रविवार

वजन आणि रक्कम दोन्ही डेटाक्लास केले, म्हणजे नेहमीच्या मेथड पायथनच लिहून देतो, त्यात फ्रोझन (नंतर बदल नाही) आणि ऑर्डर (लहानमोठं ठरवता येतं) दोन्ही चालू. आधी मी हाताने फक्त बरोबरीची मेथड लिहिली होती, ती लिहिली की पायथन हॅश (वस्तू ओळखायचा आकडा) काढून घेतो आणि दराप्रमाणे ग्रुपबाय, म्हणजे ओळींचे गट, करायला गेलं की "अनहॅशेबल" म्हणून अडतो. फ्रोझन केल्यावर हॅश परत येतो, आणि आकडा नंतर कोणी बदलू शकत नाही हेही बरंच.

मामाच्या मुलाने विचारलं की एवढं सगळं करण्यापेक्षा कॉलममध्ये सरळ "१२ क्विं ४० कि" अशी स्ट्रिंगच का भरत नाहीस. त्याला टेबल सॉर्ट करून दाखवलं. स्ट्रिंग असेल तर "९ क्विं" हे "१२ क्विं"च्या खाली जातं कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि ९ हा १ च्या नंतरचा. बेरीज घेतली तर सगळी अक्षरं एकापुढे एक चिकटतात. ऑब्जेक्ट असेल तर ग्रॅमवर सॉर्ट होतं आणि दिसतं क्विंटलमध्ये. बेरजेची मेथड दिली होतीच, फक्त पायथनची साधी सम शून्यापासून सुरू होते म्हणून शून्य अधिक वजन हेही शिकवावं लागलं, उलट्या बाजूच्या बेरजेची मेथड लिहून.

२५ जून, बुधवार

टर्मिनलमध्ये कॉलम वाकडे दिसतात. गावाच्या नावांचा कॉलम आल्यापासून जास्तच.

कारण कळलं. पांडाज रुंदी मोजतो ती युनिकोडच्या चिन्हांची. "ठाणे" आपल्याला दोन अक्षरं, त्याच्या मोजणीत चार, ठ, काना, ण, मात्रा. "लासलगाव" पाच दिसतं, मोजतो सात. आणि सगळ्यात वाईट माझंच "क्विं", डोळ्याला एक अक्षर, आत पाच: क, हलन्त, व, वेलांटी, अनुस्वार. जितकी जोडाक्षरं जास्त तितक्या रिकाम्या जागा कमी भरल्या जातात आणि पुढचा कॉलम डावीकडे सरकतो. पूर्व आशियाई रुंदीचं एक सेटिंग पांडाजमध्ये आहे ते चालू करून बघितलं, काही फरक पडला नाही, ते चिनी जपानी अक्षरं दुप्पट रुंद धरण्यासाठी आहे, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथेही एकच मोजलं जातं.

मग युनिकोडच्या वर्गवारीवरून मात्रा, अनुस्वार, हलन्त वगळून मोजायचा प्रयत्न केला. मात्रा, उकार, अनुस्वार, हलन्त हे जागा न घेणाऱ्यांत येतात पण काना आणि वेलांटी दुसऱ्या वर्गात, आणि टर्मिनल कोणता फाँट वापरतं त्यावर सगळं अवलंबून. दीड तास दिला, सोडलं. टर्मिनल फक्त माझ्यासाठी, तिथे रेप्र बघीन. काकांना एचटीएमएलचं टेबल, तिथे रुंदी ब्राउझर सांभाळतो आणि कॉलम सरळ येतात.

२९ जून, रविवार

पावसाने घराबाहेर पडायची सोय नाही, दिवसभर हेच.

उणे रक्कम लाल दिसावी असं मामाचं म्हणणं. रक्कम क्लासला एचटीएमएलवालं रेप्र दिलं, नोटबुकात एकटी रक्कम लाल आली, टेबलात गेली की पुन्हा काळी. टेबल स्वतःचं एचटीएमएल बनवतं तेव्हा सेलमधल्या ऑब्जेक्टचं एचटीएमएल रेप्र विचारत नाही, स्ट्रच घेतं. स्ट्रमध्येच टॅग घातले तर टू-एचटीएमएल त्रिकोणी कंसांना निष्प्रभ करतो आणि टॅग अक्षरं म्हणून छापले जातात. हे निष्प्रभ करणं, म्हणजे एस्केप, बंद करता येतं, पण शेऱ्याच्या कॉलममध्ये कोणी काय टाइप करेल ते माझ्या हातात नाही, म्हणून बंद केलं नाही. आणि रंग हा रकमेचा गुण नाहीच, तो कागदाचा आहे, क्लासमध्ये त्याला जागा नको.

त्यासाठी स्टायलर, पांडाजमधला टेबलाचं दिसणं ठरवणारा भाग. त्याच्या फॉर्मॅटला कॉलमचं नाव आणि कसं दाखवायचं अशी जोडी देता येते, आणि मॅप लावून उणे असेल तर लाल. जुन्या व्हर्जनमध्ये याच मॅपला अप्लायमॅप म्हणायचे. मूळ टेबल तसंच राहतं, फक्त दिसणं बदलतं. मात्र स्टायलर आपणहून एस्केप करत नाही, ते फॉर्मॅटमध्ये सांगावं लागतं, शेऱ्यासाठी सांगितलं.

आता दर. गाळ्यावर मामा दर किलोला बोलतो, पणन मंडळाचे भाव क्विंटलला छापून येतात, दोन्ही शेजारी ठेवायचे तर एकच दर दोन तऱ्हांनी दाखवायला हवा. इथे फॉर्मॅटची मेथड कामाला आली. दर क्लासला ती लिहिली, कोलननंतर "कि" आलं तर किलोचा, "क्विं" आलं तर क्विंटलचा, काहीच नसेल तर स्ट्र. ती नसताना पायथन सरळ नाही म्हणतो, असा फॉर्मॅट या क्लासला चालत नाही. आता स्टायलरला महिरपी कंसात कोलन आणि "कि" एवढंच द्यायचं. एका टेबलात १८ रुपये, दुसऱ्यात १,८००, आत तेच पैसे. कोलनच्या पुढे काय लिहायचं ते आपलं आपण ठरवायचं, पायथन ते जसंच्या तसं हातात देतो. या सगळ्या कामातली मला सर्वात आवडलेली गोष्ट हीच.

६ जुलै, रविवार

आषाढी. आईने साबुदाण्याची खिचडी केली होती, ती खाऊन बसले.

काल काकांना एक्सेल पाठवलं होतं, त्यांनी फोन केला की बेरीज शून्य येतेय. टू-एक्सेल ओळखीचे प्रकार जसेच्या तसे लिहितो, आकडा, तारीख, हो-नाही, बाकी कशालाही स्ट्र लावून मजकूर करतो. म्हणजे माझी रक्कम तिथे आकडा राहिलीच नव्हती, आणि एक्सेलची बेरीज मजकुराकडे बघत नाही. दिसायला सेल अगदी नीट होते म्हणून मलाही कळलं नाही.

एक्सेलला पाठवताना आता रुपयांचा खरा आकडा पाठवते आणि दिसणं एक्सेलच्याच नंबर फॉर्मॅटवर सोपवते. त्यात अटी घालता येतात, कोटीच्या वर एक तऱ्हा, लाखाच्या वर दुसरी, बाकीच्यांना तिसरी. उणे आकडे सगळे तिसऱ्यात पडतात, त्यामुळे उणे लाखाच्या पुढे स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीने येईल. गाळ्यावर एवढी उणे पट्टी होत नाही म्हणून ठेवलं, पण काकांना सांगितलंय.

१३ जुलै, रविवार

ऑब्जेक्ट कॉलममध्ये प्रत्येक सेलला नुसता पत्ता असतो आणि वस्तू मेमरीत दुसरीकडे, त्यामुळे जुन्या वर्षांच्या वह्या भरायला घेतल्यावर सगळं हळू झालं. वजनाचा स्वतःचा एक्स्टेन्शन ॲरे, म्हणजे पांडाजला शिकवलेला नवा कॉलमचा प्रकार, लिहिला, आत ग्रॅमची सरळ पूर्णांकांची पट्टी आणि वजन यायचं बाकी असेल तर त्यासाठी वेगळी खूण. मेथड बऱ्याच द्याव्या लागतात, यादीतून बनवणं, लांबी, तुलना, टेक, कॉपी, इझएनए, जोडणं. दोन रविवारांचं काम समजावं.

दाखवण्यासाठी मात्र एकच आहे, सुरुवातीला एक अंडरस्कोर असलेला फॉर्मॅटर. पांडाज त्याला बॉक्स्ड म्हणून हो किंवा नाही देतो. हो म्हणजे टेबलात किंवा सिरीजमध्ये छापायचंय, नाही म्हणजे नुसता ॲरे. काही लिहिलं नाही तर तो स्वतःच हो असताना स्ट्र आणि नाही असताना रेप्र वापरतो, म्हणजे १५ जूनला मी जे ठरवलं तेच, मला वेगळं लिहावंच लागलं नाही. बाकी असलेल्या सेलमध्ये फॉर्मॅटर चालत नाही, तिथे त्रिकोणी कंसातलं एनए दिसतं, पट्टीत स्टायलरला सांगून "वजन बाकी" करून घेतलं.

१६ जुलै, बुधवार

अर्धा दिवस सुट्टी टाकून गाळ्यावर गेले. पहिल्या छापील पट्ट्या निघाल्या. काकांनी चष्मा न लावता एक उचलली, निफाडच्या शेतकऱ्याला फोन लावला आणि वाचून दाखवली, पंचवीस गोण्या, बारा क्विंटल चाळीस किलो, दर अठरा, बावीस हजार तीनशे वीस, मग हमाली, तोलाई, भाडं, निव्वळ. कुठे थांबले नाहीत. फोन ठेवून म्हणाले, "ताई, यात बारदान वजा केलंय का?"

केलेलं नाही. रिकाम्या गोणीचं वजन वेगळ्या कॉलममध्ये पाहिजे, वजन क्लासच वापरायचा. शनिवारी करते.